गाव गप्प बसलं तो दिवस

भूकंप कधी होणार हे मला माहीत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. भूकंपशास्त्रात पीएच.डी. केली, मग नगरच्या एका कॉलेजात निवृत्तीपर्यंत पदार्थविज्ञान शिकवलं, आणि एवढ्या काळात लोकांनी मला विचारलेला प्रश्न एकच. लग्नात, मयतीत, भाजीबाजारात. एकदा तर दाताच्या डॉक्टरने विचारला, माझ्या तोंडात चिमटा असताना. "मॅडम, आपल्याकडं कधी होणार?" मी नुसती मान हलवली. त्यातून त्याला काय समजलं कोण जाणे, पण दाढ फार घाईत निघाली.

त्यात माझी पीएच.डी. किल्लारीच्या भूकंपानंतरच्या वर्षांतली. तिकडे गावंच्या गावं झोपेत गेली होती. आमच्या जिल्ह्यातही लोक कितीतरी दिवस अंगणात अंथरूण टाकत होते, शेजारी कुणी बोअर घेतली तरी घराबाहेर पळत होते. अशा काळात एसटीत शेजारी बसलेली मुलगी 'भूकंपाचा अभ्यास करते' म्हटल्यावर माणूस तिला सोडेल कसा? शिर्डीच्या एका लॉजमालकाने तर मला जीप पाठवून बोलावून घेतलं. तीन मजली लॉज, खाली प्रसादाचं दुकान. चहा झाल्यावर म्हणाले, "एवढंच लिहून द्या, की ही इमारत भूकंपात पडणार नाही. फ्रेम करून काउंटरवर लावतो. भक्त लोक विचारतात."

"अहो, मी इंजिनिअर नाही. मी नुसतं गणित करते."

"मग गणितात तसं बसवा की. गणित आपल्याच हातात असतंय ना?"

मी बसवलं नाही. त्यामुळे जाताना जीप मिळाली नाही, एसटीने परत आले. पण त्यांचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, कारण गणित आपल्याच हातात असतं हा माझाही तेव्हा पक्का समज होता.

आता माझा धंदा काय होता ते सांगते. जमीन कधीच स्वस्थ नसते. कोकणात समुद्र किनाऱ्यावर आपटतो, त्याची थरथर घाट चढून आमच्या श्रीगोंद्याच्या रानापर्यंत येते. वाऱ्याने लिंब हलतो आणि मुळांतून जमीन हलवतो. ट्रॅक्टर, विहिरीवरच्या मोटारी, पिठाच्या गिरण्या, माणसांची आणि जनावरांची पावलं, सगळ्यांची मिळून एक बारीक थरथर चोवीस तास चालू असते. आपल्या पायाला ती कळत नाही, यंत्राला कळते. भूकंप नोंदवणारे लोक तिला गोंगाट म्हणतात आणि तिच्या नावाने बोटं मोडतात, कारण त्यांना हवा असलेला भूकंप तिच्यात बुडतो. तांदूळ निवडून झाल्यावर सुपात जे उरतं ना, त्यावर माझी पीएच.डी.

या गोंगाटाचा उपयोग काय, तेही सांगते. लग्नाच्या मांडवात दोन बाया थोडं अंतर ठेवून बसल्या आहेत असं समजा. चहूबाजूंनी बडबड चालली आहे. एकीच्या कानावर काय काय पडलं आणि दुसरीच्या कानावर तेच किती उशिरा पडलं, हे नीट ताडून पाहिलं, तर त्या दोघींच्या मधल्या हवेतून आवाज किती वेगाने जातो हे काढता येतं. कोण काय बोललं ते कळायची गरजच नाही. जमिनीचं तसंच. दोन ठिकाणी यंत्रं ठेवायची, गोंगाट नोंदवायचा, ताडून पाहायचा. मधल्या जमिनीतून लहरी किती वेगाने जातात ते निघतं, आणि त्यावरून खाली माती किती, मुरूम किती, खडक किती खोल हे खोदल्याशिवाय सांगता येतं. कुठली जमीन भूकंपात जास्त हलेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

फक्त एक अट. बडबड सगळ्या बाजूंनी सारखी यायला हवी. मांडवाच्या एकाच कडेला कर्णा लावला, तर दोघींना तोच ऐकू येणार, आणि तो बरोबर आडव्या बाजूला, म्हणजे दोघींपासून सारख्याच अंतरावर असला तर दोघींना एकाच क्षणी. मग गणित म्हणणार, आवाज एकीकडून दुसरीकडे क्षणात पोचला. म्हणजे सगळं मुसळ केरात.

मी कागद-पेन्सिलीवर काम करणारी बाई. माझ्या प्रबंधाची सुरुवातच अशी होती, 'समजा, गोंगाट सर्व दिशांनी सारखा येतो.' पुढे शंभरेक पानं समीकरणं. माझे पुण्यातले मार्गदर्शक, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, त्यांनी ती सगळी वाचली आणि पहिल्या पानावर परत आले. म्हणाले, "सुजाता, गणित सुंदर आहे. पण ही तुमची 'समजा' राहते कुठे? तिचा पत्ता द्या. एक तरी खरी जागा दाखवा, जिथे हे चालतं. नाहीतर बाहेरचे परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील आणि प्रबंध परत येईल."

आणि परत येऊन चालणार नव्हतं. माझ्या नोंदणीची मुदत त्या उन्हाळ्यात संपत होती. एकदा वाढवून झाली होती, दुसऱ्यांदा मिळत नाही. संपली की सगळं पाण्यात.

माझ्यापेक्षा जास्त बुडाले असते ते दादा, म्हणजे माझे वडील. आमचं घर बौद्धांचं. आजोबांच्या पिढीने धम्म घेतला तेव्हापासून घरात शिकायला नाही म्हणायची रीतच नव्हती. मी एम.एस्सी. झाले तेव्हाच दादांनी वस्तीत सांगून टाकलं होतं, की पोरगी आता डॉक्टर होणार. लोक म्हातारीचा गुडघा दाखवायला येऊ लागले, तेव्हा त्यांनी खुलासा केला, "मानसांची न्हाई, जमिनीची डाक्टर." ही गोष्ट साखर कारखान्याच्या गेटवरून ऊस घेऊन जाणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला माहीत होती, कारण दादा त्या कारखान्यात वॉचमन होते.

वॉचमनची काठी ही काय चीज असते ते शहरातल्यांना सांगायला हवं. दादांची काठी खांद्यापर्यंत उंच, खाली लोखंडी शेंबी. चालताना दर दुसऱ्या पावलाला ती जमिनीवर आपटायची. मारायला नव्हे, कळवायला. साप-विंचवाने बाजूला व्हावं, चोराला कळावं की माणूस जागा आहे. ही सवय इतकी मुरली होती की दादा घरात पाण्याच्या माठापर्यंत जातानासुद्धा हात तसा हलवायचे, हातात काठी नसताना. आई म्हणायची, "आपटा, आपटा. माठ पळून जाईल न्हाईतर."

तर खऱ्या जागेचा पत्ता मी आमच्या गावाचा दिला. काष्टीपासून जवळच. कारण सरळ होतं. वस्तीला लागून भानुदासकाकांचं कांदा काढून मोकळं झालेलं रान होतं, चारी बाजूंनी बांध, आणि कोपऱ्यात विहीर. विहिरीत वाकून पाहिलं की थर दिसतात, काळी माती, मग मुरूम, मग खडक. माझं उत्तर बरोबर की चूक हे तिथल्या तिथे तपासता येणार. शिवाय जेवायला आईच्या हातचं. एका संस्थेने उपकार म्हणून थोड्या दिवसांसाठी एक रेकॉर्डर आणि दोन जिओफोन दिले. जिओफोन म्हणजे तांब्याएवढं यंत्र, खाली खिळा, जमिनीत रोवायचं, जमिनीला लावलेला कान. रेकॉर्डर मांडीवर घेऊन एसटीत बसले तर कंडक्टरने विचारलं हे काय. म्हटलं, जमिनीचं ऐकायचं मशीन. तर म्हणाला, "मंग फुडं या ताई. मागं लई आदळतंय."

पहिल्या नोंदीचं उत्तर आलं आणि मी कपाळावर हात मारला. माझ्या गणिताप्रमाणे आमच्या गावचा मुरूम खडकापेक्षा कडक होता. काकांनी तो मुरूम कुदळीने खणला होता, त्यांना मी हे सांगितलंच नाही. काष्टीच्या एसटीडी बूथमधून सरांना फोन लावला. ते म्हणाले, "पूर्वेला काय आहे?"

"साखर कारखाना. हंगाम चालू आहे."

"मग झालं. तुमचा गोंगाट एकाच बाजूने येतोय. कारखाना बंद होईपर्यंत थांबा."

मांडवातला कर्णा. कारखान्याची सगळी अजस्र चाकं पूर्वेला रात्रंदिवस फिरत होती आणि माझे दोन्ही कान तेवढंच ऐकत होते. घरी येऊन मी दादांना विचारलं, पट्टा कधी पडणार. हंगाम संपून गाळप बंद झालं की आमच्याकडे कारखान्याचा पट्टा पडला म्हणतात.

"परवा पडतोय," दादा म्हणाले. मग जरा थांबून, "म्हंजे आवाजानं तुझं बिघडतंय व्हय?"

"हो दादा. कारखान्याच्या आवाजाने सगळं बिघडलं."

"मंग असं कर. तेरवा घे. म्या बगतो."

त्यांनी 'म्या बगतो' म्हटलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी माझ्या हिशोबात होते. यंत्र त्याच्या दुसऱ्याच दिवशी परत करायचं होतं, म्हणजे मला मिळणार तो एकच दिवस. कारखाना बंद, आणि बाकी गाव चालू. उत्तरेला गिरणी, पश्चिमेला विहिरींच्या मोटारी, दक्षिणेला ट्रॅक्टरचा रस्ता, पूर्वेला आमची वस्ती. देवाने, म्हणजे ज्यांचा असेल त्यांच्या देवाने, माझ्यासाठी चारी दिशा नेमून दिल्या होत्या. मी खुशीत झोपले.

तेरवाच्या सकाळी मी रानाच्या मधोमध दोन्ही जिओफोन रोवले, बॅटरी जोडली, टेप चालू केली. काटा हलला पाहिजे होता. तो जेमतेम थरथरला. मला वाटलं वायर सुटली. वायर ठीक होती. मग मी मान वर केली आणि ऐकलं. काहीही ऐकू येत नव्हतं. गिरणीची पुकपुक नाही. काकांच्या मोटारीचं पाणी नाही. वीज असताना नाही, हे विशेष. रस्त्यावर ट्रॅक्टर नाही, पोरांचं क्रिकेट नाही. कुत्रं भुंकत नव्हतं. सकाळच्या उन्हात आख्खं गाव श्वास धरून बसलं होतं.

मी धावत गिरणीवर गेले. नामदेवअण्णा, गिरणीचे मालक, बंद दाराच्या पायरीवर हात बांधून बसले होते. मला बघून त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

"अण्णा, गिरणी का बंद?"

"तुजं चाललंय ना मशीन?" ते कुजबुजले. "चालू दे. आज पीठ न्हाई मिळालं तर कुनी मरत न्हाई."

"अहो, मला गिरणी चालू हवी आहे. आवाज हवाय मला."

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जास्त शिकल्यावर असं होतं हे त्यांना ठाऊकच होतं. "न्हाई पोरी. तुज्या बापाला, किसनदादाला शबुद दिलाय. संध्याकाळपतुर चाक फिरायचं न्हाई."

भानुदासकाकांचं तेच. मोटारीच्या पेटीला त्यांनी चक्क कुलूप घातलं होतं. रस्त्याच्या तोंडाशी ट्रॅक्टरवाले दोघं लिंबाखाली तंबाखू मळत बसलेले, त्यांना दुपारपर्यंत जायचं नव्हतं म्हणे. पोरं क्रिकेट खेळायला नदीपलीकडे पिटाळली होती. कुत्र्यांपुढे कुणीतरी भाकरी टाकून ठेवल्या होत्या. एक म्हातारी मला बघून खोकला आला तो तोंडात पदर कोंबून दाबायला लागली. मी म्हटलं, खोका आजी, मोकळं खोका. ती मानेनेच नाही म्हणाली.

रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला राग आला. चार वर्षांचं काम, एकच दिवस, आणि आख्ख्या गावाने ते प्रेमाने चिरडायला घेतलेलं. ज्या एका गोष्टीसाठी मी पुण्याहून आले, ती गावात बारा महिने फुकट असते, आणि आज नेमकी कुणी द्यायला तयार नाही. मी तणतणत घरी गेले. आई चुलीपुढे बसली होती.

"दादांनी हे काय करून ठेवलंय?"

"म्हाईत हाय मला," आई म्हणाली. "काल सांजच्याला घरोघर फिरले. गेटवर इतकी वर्षं उभं ऱ्हायलेत, कुनाच्या गाडीचा नंबर चुकू दिला न्हाई, कुनाच्या उसाची मोळी हालू दिली न्हाई. बदल्यात कुनाचा चा बी घेतला न्हाई. काल पैल्यांदा गावाकडं कायतरी मागितलं त्या मानसानं. माझ्या पोरीसाठी एक दिस गप्प ऱ्हावा म्हनले." तिने भाकरी उलटली. "आता तू जा आन् सांग त्यांला, चुकलं म्हनून. माझ्याच्यानं हुनार न्हाई."

मी ठरवून गेले होते सांगायचं. खरंच. रानाशी पोचले तर दादा बांधावर होते. पट्टा पडलेला, सुट्टी लागलेली, तरी अंगावर इस्त्रीचा खाकी ड्रेस, डोक्याला टोपी. काठी घेऊन ते रानाभोवती फेऱ्या घालत होते, कारखान्याच्या गोडाऊनभोवती घालायचे तशा. एका बांधावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या. मला बघून थांबले.

"काय बिनसलं का?"

त्यांचा चेहरा इतका खूश होता की माझा राग कुठच्या कुठे गेला. म्हटलं, "नाही दादा. छान शांत आहे."

"मंग? सकाळधरनं पाखरू येऊ दिलं न्हाई." आणि ते पुढे चालू लागले.

मी रेकॉर्डरजवळ जाऊन बसले. टेप संपेपर्यंत बसले. बंद करण्यात तरी काय अर्थ होता? बंद केली असती तर त्यांनी विचारलं असतं, झालं का इतक्यात. दुपारी यंत्र आवरलं. दादांनी गावाकडे तोंड करून दोन्ही हात वर केले, आणि पाच मिनिटांत गिरणी, मोटारी, ट्रॅक्टर, कुत्री, सगळं एकदम सुरू झालं. इतका सुंदर, चारी दिशांचा गोंगाट मी त्याआधी ऐकला नव्हता. माझ्याकडे टेप उरली नव्हती.

पुण्याला गेल्यावर सरांना काय सांगायचं याची एसटीत तालीम केली. संस्थेत यंत्र परत करण्याआधी टेप एकदा लावून पाहिली, अंत्यविधी म्हणून. पडद्यावर सपाट रेघ, आणि त्या रेघेवर एक टोक. मग थोडी सपाट रेघ, पुन्हा टोक. टोक, टोक, टोक. सारख्या अंतराने, तासन् तास.

सरही तिथे आले होते, माझ्या मागे उभे होते. "हे ठोके कसले?"

मी पहिल्यांदा म्हणाले माहीत नाही. मग माझा हात आपोआप हलला, माठाकडे जाताना दादांचा हलायचा तसा, आणि मला कळलं.

"सर, ती काठी आहे. माझ्या वडिलांची. ते पहारा करत होते."

"कुठे?"

"रानाभोवती."

सर खुर्ची ओढून बसले. पडद्यावरची टोकं मोजू लागले. मग म्हणाले, "भोवती म्हणजे सगळीकडून? नीट आठवा. एखादी बाजू सोडली असेल तर उपयोग नाही."

ते मला सांगता येईना. मी त्यांना दोन बांधांवर चालताना पाहिलं होतं, तिसऱ्याकडे वळताना पाहिलं होतं. चौथा बांध विहिरीचा, अडचणीचा, काटेरी. मी माझ्या दुःखात खाली मान घालून बसले होते. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मी परत गावी.

घरी न जाता थेट रानात गेले. पाऊस नव्हता, कुणी नांगर घातला नव्हता. बांधाची माती वाळून भुसभुशीत झालेली, आणि तिच्यात शेंबीची भोकं होती. एकापुढे एक, रांगोळीला ठिपके काढावेत तशी. मी त्यांच्या कडेने चालत गेले. उत्तरेचा बांध, पश्चिमेचा, दक्षिणेचा. विहिरीच्या बांधावर बाभळीच्या फांद्या वाकलेल्या, तिथे माणूस सहज आत वळून चार पावलं वाचवील. दादांनी वाचवली नव्हती. भोकं काट्यांतून गेली होती, आणि एका काट्याला खाकी दोरा अडकला होता. त्या बांधावर मी खाली बसले आणि मग मात्र रडले, मागचंही सगळं त्यात निघालं.

घरी दादा खाटेवर होते. विचारलं, "दादा, त्या दिवशी काठी आपटत होतात?"

त्यांचा चेहरा उतरला. "आपटत हुतो व्हय? आगं, ध्यानातच ऱ्हायलं न्हाई. सवय हाय." मग हळूच, "बिघडलं का गं सगळं? साऱ्या गावाला गप्प केलं, आन् म्याच..."

"दादा, त्यामुळेच झालं."

त्यांचा विश्वास बसेना. मी समजूत काढते आहे असंच त्यांना वाटलं. मग मी त्यांना मांडवातल्या बायांची गोष्ट सांगितली, मला सगळ्या बाजूंनी आवाज हवा होता हे सांगितलं, गिरणी हवी होती हेही सांगितलं. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे नामदेवची गिरणी उगाच बंद ठिवली?"

"उगाच नाही. गिरणी चालू असती तर तुमची काठी ऐकूच आली नसती."

तेव्हा कुठे ते हसले. आई चुलीकडून म्हणाली, "आपटा अजून."

पुढचं महिन्याभरात झालं. दादांच्या काठीचे ठोके चारी दिशांनी आले होते, सारख्या जोराने, सारख्या अंतराने. माझ्या 'समजा'ला इतकं तंतोतंत वागणारं दुसरं काही मला आजवर भेटलेलं नाही. गणित मांडलं, माती, मुरूम आणि खडक आपापल्या जागी आले. विहिरीत दोरी सोडून मोजलं, तर खडकाच्या खोलीत फक्त हातभर फरक. प्रबंधात आम्ही त्या प्रकाराला 'परिघावर फिरणारा स्रोत' असं भारदस्त नाव दिलं, आणि मुदतीच्या आत प्रबंध विद्यापीठात पोचला.

तोंडी परीक्षेला दादा आले. आमच्याकडे ती सगळ्यांसमोर होते, कुणीही येऊन बसावं. तोवर ते निवृत्त झाले होते, पण काठी बरोबर होती. मागच्या बाकावर ती दोन पायांच्या मध्ये धरून बसले. सगळं बोलणं इंग्रजीत, त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, आणि चेहरा मात्र प्रत्येक वाक्याला पसंती देत होता. बाहेरून आलेले परीक्षक कडक म्हणून प्रसिद्ध. त्यांनी बरोबर त्याच पानावर बोट ठेवलं.

"हा फिरणारा स्रोत. याबद्दल तुम्ही फार कमी लिहिलंय. यंत्र कुठल्या बनावटीचं होतं?"

मी सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर पाहू लागले.

"सर, यंत्र नव्हतं. ते माझे वडील होते. साखर कारखान्यात वॉचमन होते, काठी आपटत रानाभोवती फेऱ्या घालत होते. मागच्या बाकावर बसलेत."

सगळ्या माना मागे वळल्या. दादांना वाटलं काहीतरी चुकलं, ते उभे राहिले. परीक्षकांनी कागद खाली ठेवला आणि मराठीत विचारलं, "आपण किती वेळ चालत होता?"

"ती उठंपतुर," दादा म्हणाले.

परीक्षकांनी मान डोलावली आणि ते पान उलटलं.

नंतर चहाच्या वेळी लोक माझं अभिनंदन करून गेले आणि आम्ही दोघं कोपऱ्यात उरलो. दादांनी प्रबंधाची प्रत मांडीवर घेतली होती. पानं उलटत होते.

"यात म्या कुठं हाय?"

मला खोटं सांगवेना. म्हटलं, "नाही दिसत दादा. हे गणितच असं आहे. सगळ्या बाजूंचं एकत्र केलं की चालणारा माणूस त्यातून निघून जातो. मागे फक्त मधली जमीन राहते."

मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. त्यांनी आणखी एक पान उलटलं. मग म्हणाले, "वाचमनचं बी तसंच असतंय. काय झालं न्हाई, म्हंजे त्यानं काम केलं." आणि प्रत बंद करून मला परत दिली.

दादा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती टेप माझ्या कपाटात आहे, ती वाजवणारं यंत्र कुठेच मिळत नाही. आजची मुलं देशभरातल्या यंत्रांचा गोंगाट घरी बसून ताडून पाहतात, शेकडो किलोमीटर खोलवरचं काढतात, मला कौतुकाने दाखवतात. मी बघते, छान म्हणते. आणि मला दर वेळी त्या दिवशीचं निघताना आठवतं.

विभागाच्या लांबलचक व्हरांड्यातून आम्ही बाहेर पडत होतो. भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती, 'शांतता राखा'. दादांनी ती वाचली, लगेच काठी उचलून काखेत धरली आणि चपला न वाजवता चवड्यांवर चालू लागले.

मी म्हटलं, "काठी खाली घ्या, दादा. आपटत चला."

ते पाटीकडे बघून घुटमळले. मग माझ्याकडे बघितलं, काठी खाली टेकवली, आणि जिन्यापर्यंत आपटत गेले. मी मागून ऐकत चालले होते.